प्रदूषण नियंत्रण मंडळ काय करू शकते आणि काय करू शकत नाही?

तक्रार करणाऱ्यांसाठी आणि नोटीस आलेल्या छोट्या कारखानदारांसाठीही

आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत एक सायझिंग आहे. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात त्याच्या चिमणीचा काळा धूर सकाळी परिपाठाच्या वेळी थेट मैदानावर उतरायचा. मुले खोकायची, पांढऱ्या सदऱ्यांवर काजळी बसायची. शिक्षक आणि पालकांनी मिळून अर्ज लिहिला आणि पालिकेत दिला. तिथून सांगितले पोलीस ठाण्यात जा. पोलिसांनी सांगितले तहसीलमध्ये द्या. चार महिने असेच गेले. शेवटी एका कारकुनाला आमची दया आली. तो म्हणाला, "सर, हे काम प्रदूषण मंडळाचं आहे. तुम्ही उगाच फिरताय."

ही बातमी मोहल्ल्यात पसरली तसे दुसऱ्याच दिवशी सातवीतल्या एका मुलाचे वडील मला भेटायला आले. ते त्याच सायझिंगमध्ये कामाला. म्हणाले, "सर, धूर वाईट आहे, मला मान्य आहे. पण मंडळाने कुलूप लावलं तर आमच्या घरात चूल कशी पेटणार?"

दोन्ही बाजू एकाच वर्गात बसलेल्या. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, गोवंडी, कोकणातल्या खाडीकाठची गावे, सगळीकडे आपल्या घरांची हीच गत आहे. धूर खाणारेही आपण, आणि धूर सोडणाऱ्या भट्टीवर पोट असणारेही आपणच. म्हणून मंडळाचे अधिकार कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात, हे दोघांनाही माहीत हवे.

मंडळ म्हणजे कोण?

महाराष्ट्रात पाणी प्रदूषणाचा कायदा केंद्राच्या आधी झाला. १९६९ च्या राज्य कायद्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. पुढे संसदेने १९७४ मध्ये जल कायदा आणि १९८१ मध्ये हवा कायदा केला. महाराष्ट्राने केंद्राचा जल कायदा १९८१ मध्ये स्वीकारला. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. आज मंडळ मुख्यतः या तीन कायद्यांवर चालते. त्याशिवाय घातक कचरा, दवाखान्यांचा कचरा, प्लास्टिक, घनकचरा यांचे वेगवेगळे नियम आहेत.

मंडळ सरकारी खाते नाही, कायद्याने निर्माण केलेली स्वतंत्र संस्था आहे. त्यात अध्यक्ष, सरकारचे जास्तीत जास्त पाच अधिकारी, महापालिका-नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांचे जास्तीत जास्त पाच सदस्य, शेती, मासेमारी, उद्योग अशा क्षेत्रांचे तीनपर्यंत बिगरसरकारी सदस्य, सरकारी कंपन्यांचे दोन प्रतिनिधी आणि पूर्णवेळ सदस्य सचिव अशी रचना कायद्यात दिली आहे. लोकांचा संबंध मात्र येतो तो उप-प्रादेशिक कार्यालयाशी आणि तिथल्या क्षेत्र अधिकाऱ्याशी. तपासणीला तोच येतो.

पहिली मर्यादा इथेच आहे. संस्था स्वतंत्र असली तरी राज्य सरकार आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ यांचे लेखी निर्देश तिला पाळावे लागतात. दोघांचे निर्देश एकमेकांविरुद्ध गेले तर प्रश्न केंद्र सरकारकडे जातो.

सगळा खेळ संमतीपत्राचा

मंडळाची खरी ताकद एका कागदात आहे. त्याला संमतीपत्र म्हणतात. सांडपाणी किंवा धूर सोडणारा उद्योग उभारायचा असेल तर आधी स्थापनेची संमती आणि सुरू करायचा असेल तर चालवण्याची संमती लागते.

उद्योगांचे प्रदूषणाच्या क्षमतेनुसार लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा असे गट केले आहेत. लाल गटावर सर्वात कडक नजर असते. पांढऱ्या गटाला सहसा संमतीची गरज नसते, मंडळाला कळवणे पुरते.

संमतीपत्रात अटी लिहिलेल्या असतात. उत्पादन किती घ्यायचे, इंधन कोणते वापरायचे, चिमणी किती उंच हवी, पाणी किती आणि कुठे सोडायचे, त्याची प्रत कशी हवी. म्हणजे एखादा कारखाना "परवाना आहे आमच्याकडे" असे म्हणतो तेव्हा प्रश्न तिथे संपत नाही. परवाना कोळशाचा आहे आणि भट्टीत चिंध्या किंवा प्लास्टिक जळतेय, तर ते अटीचे उल्लंघन आहे.

ही माहिती गुप्त नाही. जल कायद्याच्या कलम २५ नुसार मंडळाने अटींची नोंदवही ठेवायची असते, आणि ज्याचा त्या प्रकरणाशी संबंध आहे किंवा ज्याला त्रास होतो अशा कुणालाही ती पाहण्याचा हक्क आहे. माहिती अधिकारातही प्रत मागता येते. आम्हाला हे आधी कळले असते तर चार महिने वाचले असते.

अजून एक बाब. संमतीचा परिपूर्ण अर्ज आला आणि मंडळाने चार महिने काहीच निर्णय दिला नाही, तर जल कायद्यानुसार संमती मिळाली असे मानले जाते. मंडळाच्या दिरंगाईचा फायदा असा अर्जदाराला मिळतो.

आत शिरणे आणि नमुना घेणे

मंडळाचा अधिकारी कोणत्याही वाजवी वेळी कारखान्यात जाऊ शकतो, यंत्रे, नोंदी, कागद तपासू शकतो, माहिती मागू शकतो. त्याला अडवणे हा गुन्हा आहे.

सांडपाण्याचा नमुना घेण्याची मात्र पद्धत ठरलेली आहे. कारखानदाराला तिथेच नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, बाटल्यांना सील लावायचे, दोघांच्या सह्या घ्यायच्या. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेत जातो. मालकाने मागणी केली तर दुसरा भाग स्वतंत्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. ही पद्धत पाळली नाही तर अहवाल कोर्टात पुरावा म्हणून टिकत नाही.

म्हणून आपण स्वतः बाटलीत भरलेले पाणी किंवा मोबाईलवर काढलेला धुराचा व्हिडिओ तक्रारीला जोर देतो, पण मंडळाच्या नमुन्याची जागा घेत नाही. आपला आग्रह असा हवा की अधिकाऱ्याने यावे, त्रास होतो त्या वेळी यावे, आणि कायद्याप्रमाणे नमुना घ्यावा. भट्टी रात्री धूर सोडत असेल आणि तपासणी दुपारी बाराला झाली, तर अहवाल स्वच्छच येणार.

बंद करण्याचा अधिकार

जल कायद्याचे कलम ३३अ आणि हवा कायद्याचे कलम ३१अ ही मंडळाची सर्वात मोठी शस्त्रे. दोन्ही कलमे १९८० च्या दशकाच्या शेवटी दुरुस्ती करून आणली. त्याआधी मंडळाला थांबवण्याचा आदेश हवा असेल तर मॅजिस्ट्रेटकडे जावे लागायचे. आता मंडळ स्वतः कारखाना बंद करण्याचा आदेश देऊ शकते, वीज आणि पाणी तोडायला संबंधित कंपनीला किंवा खात्याला सांगू शकते, आणि त्यांना ते ऐकावे लागते.

पण साधारणपणे थेट कुलूप लागत नाही. आधी कारणे दाखवा नोटीस किंवा प्रस्तावित निर्देश येतात, म्हणणे मांडायला साधारण पंधरा दिवस मिळतात, मग अंतिम निर्देश निघतात. पर्यावरणाची गंभीर हानी होण्याची शक्यता असेल तरच ही सुनावणी वगळता येते, आणि त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. नदीत, विहिरीत अचानक रसायन गेले तर जल कायद्यात तातडीच्या उपायांचे वेगळे कलम आहे.

मंडळाने सरसकट बंदच करावे असे कायदा म्हणत नाही. सुधारणा करा, अमुक यंत्र बसवा, बँक हमी ठेवा, असेही निर्देश देता येतात. आमच्या गल्लीत हेच झाले. अधिकारी सकाळी सातला आले, भट्टीत काय जळते ते पाहिले, संमतीपत्राशी ताडले. मालकाला नोटीस गेली. त्यांनी इंधन बदलले, धूळ पकडणारे यंत्र बसवले. धूर पूर्ण गेला असे म्हणणार नाही, पण परिपाठ मैदानावर होतो. आणि त्या सातवीतल्या मुलाच्या वडिलांची नोकरीही टिकली.

दंड, नुकसानभरपाई आणि शिक्षा

इथे लोकांचा सर्वात जास्त गोंधळ होतो. तीन गोष्टी वेगळ्या आहेत.

शिक्षा: तुरुंगात टाकणे हे मंडळाच्या हातात कधीच नव्हते आणि नाही. मंडळ खटला दाखल करते, शिक्षा कोर्ट देते.

दंड: जनविश्वास कायदा, २०२३ ने हवा कायद्यात आणि पर्यावरण कायद्यात मोठा बदल केला. अनेक उल्लंघनांसाठीची कैद काढून १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. हा दंड सरकारने नेमलेला निर्णय अधिकारी ठरवतो. हे बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. जल कायद्यात संसदेने २०२४ मध्ये तसाच बदल केला, पण पाणी हा राज्यांचा विषय आहे. म्हणून तो आधी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाला. बाकीच्या राज्यांना तो विधिमंडळाच्या ठरावाने स्वीकारावा लागतो. सामान्य माणसाने अर्जात कलमांच्या भानगडीत पडू नये, घडले ते नीट लिहावे. कलम लावणे मंडळाचे काम.

पर्यावरणाची भरपाई: मंडळ स्वतः रक्कम आकारू शकते का, यावर बरीच वर्षे वाद होता. दिल्ली उच्च न्यायालयाने नाही म्हटले होते. ४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हो म्हटले. झालेली किंवा होऊ शकणारी हानी भरून काढण्यासाठी मंडळ ठरावीक रक्कम आकारू शकते किंवा आगाऊ बँक हमी मागू शकते. पण त्यासाठी आधी नियम बनवावे लागतील आणि समोरच्याला म्हणणे मांडू द्यावे लागेल, असेही न्यायालयाने सांगितले.

ही रक्कम पर्यावरणासाठी आहे. तुमची विहीर खराब झाली, मासे मेले, मूल आजारी पडले, त्याची भरपाई मंडळ तुम्हाला देऊ शकत नाही. त्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात जावे लागते.

हे काम मंडळाचे नाही

आपल्या निम्म्या तक्रारी चुकीच्या दारात पडतात. थोडक्यात लक्षात ठेवा:

- गल्लीतला कचरा, तुंबलेले गटार, उकिरड्यावर लावलेली आग: महापालिका किंवा नगरपालिका. मात्र पालिका स्वतःच मैलापाणी नदीत सोडत असेल किंवा कचरा डेपो नियमाप्रमाणे चालवत नसेल, तर पालिकेविरुद्ध तक्रार मंडळाकडे करता येते. पालिकेलाही मंडळाची संमती लागते.
- झाड तोडणे: शहरात पालिकेचे वृक्ष प्राधिकरण, जंगलात वन खाते.
- वाळू उपसा: महसूल खाते, म्हणजे तलाठी, तहसीलदार, जिल्हाधिकारी.
- समुद्र आणि खाडीकाठचा भराव, बांधकाम: सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण आणि जिल्हाधिकारी. त्याच खाडीत कारखान्याचे पाणी आले तर मात्र मंडळ.
- गाडीचा धूर: आरटीओ.
- भोंगा, डीजे, फटाके: पोलीस.

शेवटचा मुद्दा थोडा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे त्यावर चर्चा जास्त आणि माहिती कमी आहे. ध्वनी नियम, २००० नुसार कारवाईचे प्राधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी. मंडळाचे काम आवाज मोजण्याचे आणि माहिती गोळा करण्याचे. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकते. मशीद, मंदिर, लग्नाची वरात, नेत्याची सभा, नियम सगळ्यांना एकच आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना टप्प्याटप्प्याने कारवाई करायला आणि तक्रारदाराचे नाव उघड न करायला सांगितले आहे.

जनसुनावणी घेते मंडळ, निर्णय दुसऱ्याचा

मोठा प्रकल्प येणार असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी होते. ती आयोजित करते मंडळ. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते. मंजुरी देणे, नाकारणे मंडळाच्या हातात नसते. ते राज्याच्या पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाकडे किंवा केंद्राच्या मंत्रालयाकडे असते. मंडळ फक्त इतिवृत्त पाठवते. म्हणून तिथे नुसता गोंधळ घालून उपयोग नाही. तुमचा आक्षेप लेखी द्या आणि इतिवृत्तात आला का ते पाहा.

तक्रार कशी लिहावी

- कारखान्याचे नाव आणि पूर्ण पत्ता. नाव माहीत नसेल तर गट क्रमांक किंवा जवळची खूण.
- काय त्रास, कोणत्या दिवशी, किती वाजता. आठ-दहा दिवसांची साधी नोंद वहीत करा आणि तिची प्रत जोडा.
- फोटो, व्हिडिओ, डॉक्टरांचे कागद असतील तर प्रती.
- नेमकी मागणी: अमुक वेळी तपासणी करावी, नमुना घ्यावा, संमतीपत्राच्या अटी तपासाव्यात, केलेली कारवाई लेखी कळवावी.
- उप-प्रादेशिक कार्यालयात द्या आणि पोचपावती घ्या. पोचपावतीशिवाय अर्ज म्हणजे तोंडी बोलणे.

सह्या जितक्या जास्त तितके चांगले, पण एकट्याची तक्रारही चालते. वैयक्तिक भांडणाचा राग अर्जात आणू नका. अधिकारी ते लगेच ओळखतात.

नोटीस आपल्याला आली तर

प्लास्टिकचा गाळा, डाईंग, सायझिंग, बेकरी, भंगाराचे गोदाम हे धंदे आपल्या समाजात मोठ्या प्रमाणात आहेत. नोटीस आली की बरेच भाई दोनच गोष्टी करतात. कागद गल्ल्यात टाकतात किंवा "सेटिंग" करणारा माणूस शोधतात. दोन्हीत नुकसान आहे.

मुदतीत लेखी उत्तर द्या. चूक असेल तर कबूल करून सुधारणेचा कालावधी मागा. नमुना घेताना स्वतः हजर राहा, दुसरा भाग स्वतंत्र तपासणीला पाठवण्याची मागणी त्याच वेळी करा. संमती नाकारली किंवा अट जाचक वाटली तर तीस दिवसांत अपील करता येते. संमती मुळात घेतलीच नसेल तर आधी अर्ज करा. बिनसंमतीचा धंदा मंडळासमोर सर्वात कमजोर असतो.

बेकरीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. असे आदेश न्यायालयाकडून आले की सूट देणे मंडळाच्या हातातही राहत नाही.

सांडपाणी असलेल्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा आदेशही लक्षात ठेवावा: चालू स्थितीतले प्राथमिक प्रक्रिया केंद्र नसेल तर कारखाना चालवता येणार नाही.

मंडळ हललेच नाही तर?

कायद्याने नागरिकाला इथे एक चांगली चावी दिली आहे. मंडळाला साठ दिवसांची लेखी नोटीस देऊन कोणीही माणूस स्वतः फौजदारी तक्रार कोर्टात करू शकतो. त्याने मागितले तर मंडळाने आपल्याकडचे अहवाल त्याला द्यायचे असतात. सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तरच ते नाकारता येतात.

दुसरा रस्ता राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा. २०१० च्या कायद्याने ते झाले, आपल्यासाठी पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. पर्यावरणाच्या वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिन्यांत आणि भरपाईसाठी पाच वर्षांत अर्ज करावा लागतो. सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस मिळू शकतात.

तिसरा रस्ता उच्च न्यायालयाचा. गोवंडीत दवाखान्यांचा कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाविरुद्ध वस्तीतल्याच एका संस्थेने जनहित याचिका केली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो प्रकल्प हलवण्यासाठी दोन वर्षांची मुदत घालून दिली. मोठ्या संघटनेने नव्हे, तिथेच राहणाऱ्या लोकांनी हे केले.

तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला जातो: तुम्ही मंडळाकडे कधी गेलात, कागद दाखवा. म्हणून तारीख असलेला पहिला अर्ज आणि त्याची पोचपावती जपून ठेवा. आमची पोचपावती अजून शाळेच्या फाइलमध्ये आहे. पुढच्या हिवाळ्यात धूर परत आला, तर सुरुवात तिथूनच करू.